डोम कार : इंजिनचालकाला दिसणारी वाट प्रवाशाला दाखवणारा डबा

गिरिवाट (धागालेखक)

पुणे-मुंबई मार्गावर व्हिस्टाडोम डबे धावू लागल्यापासून आपल्याकडे काचेच्या छताविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र ज्या डब्यांपासून ही कल्पना रुजली, त्या अमेरिकेतील आणि कॅनडातील डोम कारविषयी मराठीत निवांत चर्चा झालेली माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. डोम कार म्हणजे काचेचे छत असलेला डबा, एवढीच बहुतेकांची समजूत असते. माझे म्हणणे असे आहे की या डब्याचे मोठेपण काचेत नसून उंचीत आहे. एरवी फक्त इंजिनचालकाला दिसणारे पुढच्या रुळांचे दृश्य त्या उंचीमुळे साध्या तिकिटावर बसलेल्या प्रवाशालाही मिळू लागले.

आधी रचना सांगतो. डोम कारच्या मधल्या भागातील जमीन नेहमीच्या पातळीच्या खाली उतरवलेली असते. त्या खोलगट भागात स्वच्छतागृहे, एखादी छोटी बैठक किंवा बार असतो आणि बाजूने पुढच्या डब्याकडे जाणारी अरुंद वाट असते. या भागाच्या डोक्यावर, काही पायऱ्या चढून जाण्याचा एक माळा असतो. बहुतेक आखूड घुमटांत (म्हणजे डब्याच्या मधल्या भागापुरत्याच घुमटांत) या माळ्यावर २४ आसने असत आणि चहूबाजूंनी वळणदार काचा. तिथे बसलेल्या माणसाची नजर गाडीच्या छताच्या वर येते. पुढे पाहिले की पुढच्या डब्यांच्या छतांची रांग, तिच्या टोकाला इंजिन आणि त्याच्याही पुढे धावणारे रूळ दिसतात. या दृश्यातील मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे सिग्नल. लांबून हिरवा दिसणारा दिवा इंजिन त्याच्याजवळून पुढे गेले की लाल होतो, आणि आपला डबा तिथे पोहोचतो तेव्हा तो लालच असतो. खिडकीशेजारच्या आसनावर कितीही वर्षे प्रवास केला, तरी रेल्वेचे हे रोजचे कामकाज असे डोळ्यांसमोर घडताना दिसत नाही.

उंचावरून गाडी पाहण्याची सोय रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना फार पूर्वीपासून होती. अमेरिकेतील मालगाड्यांच्या शेवटी जो गार्डाचा डबा असे, त्याच्या छतावर एक छोटी खिडक्यांची खोली बांधलेली असे, आणि तिथे बसून कर्मचारी पुढच्या वाघिणींवर लक्ष ठेवत, कुठे आस तापून धूर येतो आहे का ते पाहत. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने १९०२ मध्ये याच धर्तीवर, छतावर दोन उंच कक्ष असलेला निसर्गदर्शनाचा डबा प्रवाशांसाठी बांधलाही होता. पण वाफेच्या इंजिनांच्या काळात उंचावर बसणे म्हणजे धूर आणि कोळशाच्या ठिणग्या अंगावर घेणे होते आणि वातानुकूलनही नव्हते, त्यामुळे ती कल्पना तिथेच राहिली. माझ्या मते डोम कारच्या जन्मासाठी डिझेल इंजिन येणे अपरिहार्य होते, आणि ही कल्पना डिझेल इंजिने बनवणाऱ्या माणसालाच सुचली यात नवल नाही.

सायरस ऑस्बॉर्न हे जनरल मोटर्सच्या इंजिने बनवणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. १९४४ च्या जुलैमध्ये ते डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेच्या डिझेल इंजिनात बसून कोलोरॅडोतील ग्लेनवुड कॅन्यनमधून चालले होते. कोलोरॅडो नदीने कोरलेल्या त्या खोल घळईत दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत आणि रेल्वे नदीला लागूनच जाते. चालकाच्या कक्षातून त्यांना वर कड्यांचे माथे आणि समोर वळत जाणारी वाट एकाच वेळी दिसत होती, आणि मागच्या डब्यांतील प्रवाशांना खिडकीतून कड्याचा फक्त पायथा दिसत होता. सॉल्ट लेक सिटीला पोहोचल्यावर त्यांनी हॉटेलातच या डब्याची रेखाटने केली. बर्लिंग्टन रेल्वेचे अध्यक्ष राल्फ बड यांना कल्पना पटली आणि इलिनॉयमधील अरोरा येथील कारखान्यात एका जुन्या स्टेनलेस स्टीलच्या डब्याचे छत कापून १९४५ मध्ये ‘सिल्व्हर डोम’ तयार झाला. जनरल मोटर्सने पुढे पुलमन-स्टँडर्ड कंपनीकडून ‘ट्रेन ऑफ टुमॉरो’ नावाची गाडी बांधून घेतली आणि १९४७ पासून ती देशभर फिरवली. तिचे चारही डबे घुमटाचे होते : एक बसण्याचा, एक भोजनाचा, एक शयनाचा आणि शेवटी गप्पागोष्टींचा.

या कल्पनेचे सोने झाले ते २० मार्च १९४९ रोजी सुरू झालेल्या कॅलिफोर्निया झेफिरमध्ये. शिकागो ते ओकलंड हा सुमारे ४,००० किलोमीटरचा प्रवास बर्लिंग्टन, रिओ ग्रँड आणि वेस्टर्न पॅसिफिक अशा तीन रेल्वे मिळून चालवत. प्रतिस्पर्धी युनियन पॅसिफिकचा मार्ग सरळ आणि वेगवान होता. या तिघींचा मार्ग डोंगरदऱ्यांतून वळसे घेत जाणारा, म्हणून वेळ जास्त लागणारा होता. त्यांनी वेगाची स्पर्धा सोडून दिली आणि वेळापत्रकच असे आखले की रॉकी पर्वत आणि कॅलिफोर्नियातील फेदर नदीची घळई ही दोन्ही ठिकाणे उजेडात यावीत आणि नेव्हाडाचे वाळवंट रात्री पार व्हावे. प्रत्येक गाडीला पाच घुमट होते. आपली उणीव नेमकी ओळखून तिलाच आकर्षण बनवण्याचे असे उदाहरण रेल्वेच्या इतिहासात मला दुसरे ठाऊक नाही.

आणखी एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. घुमटातील आसने विकली जात नसत. आपली आरक्षित जागा खाली असे. वर जागा रिकामी दिसली की जाऊन बसावे, मन भरले की उतरावे आणि दुसऱ्याला बसू द्यावे, अशी पद्धत होती. शयनयानाच्या प्रवाशांसाठी काही घुमट राखीव असत हे खरे, पण बैठ्या डब्यांच्या स्वस्त तिकिटावरही स्वतंत्र घुमट होते. दृश्य हे तिकिटाचा भाग होते, त्याची वेगळी श्रेणी नव्हती.

पुढे जेट विमाने आली, १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले आणि १९६७ मध्ये टपाल खात्याने रेल्वेतून डाक काढून घेतल्यावर गाड्यांचा उरलासुरला आधारही गेला. कॅलिफोर्निया झेफिर मार्च १९७० मध्ये बंद पडली. रिओ ग्रँडने मात्र आपल्या टापूत डेन्व्हरच्या पश्चिमेला घुमटाची गाडी स्वतःच्या हिमतीवर १९८३ पर्यंत चालू ठेवली, याबद्दल मला त्या रेल्वेविषयी मनापासून आदर आहे.

जाणकारांनी भर घालावी, ही विनंती.

सांधेवाला

लेख आवडला. एक तांत्रिक भर घालतो. डोम कार अमेरिकेच्या पश्चिमेत फुलल्या आणि ईशान्येत जवळजवळ दिसल्याच नाहीत, याचे कारण निसर्ग नसून मोजमाप आहे. या डब्यांची उंची रुळापासून सुमारे ४.८ मीटर असे. न्यूयॉर्क, बाल्टिमोर या भागांतील जुने बोगदे आणि विजेच्या तारा लक्षात घेता एवढा उंच डबा तिथून जाऊच शकत नव्हता. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने वॉशिंग्टन-शिकागो मार्गावर ‘स्ट्रॅटा-डोम’ नावाचे घुमटाचे डबे चालवले. त्यांच्या कॅपिटल लिमिटेड या गाडीचा डोंगराळ टप्पा रात्री येत असल्यामुळे घुमटावर प्रकाशझोत बसवले होते, म्हणजे अंधारातही रुळालगतची झाडी आणि कडे दिसत. सदर्न पॅसिफिकने तर सिएरा नेव्हाडातील बोगदे आणि बर्फापासून संरक्षण करणाऱ्या लाकडी छपरांमुळे कमी उंचीचे घुमट स्वतःच्या सॅक्रामेंटो कारखान्यात बांधून घेतले.

आपल्याकडे उंच घुमट का नाही, असे कोणी विचारले की ओव्हरहेड वायरकडे बोट दाखवले जाते. ते अर्धेच कारण आहे. पश्चिम जर्मनीत १९६२ मध्ये र्‍हाइनगोल्ड या गाडीला निळ्या-मलईरंगी घुमटाचे डबे जोडले गेले. घुमटात २२ आसने होती आणि ती गाडी र्‍हाइनच्या काठाने विजेच्या इंजिनावर, तारांच्या खालूनच धावत होती. असे डबे एकूण पाचच बांधले गेले आणि १९७६ मध्ये ते त्या गाडीतून काढले, पण तारांखाली घुमट अशक्य नाही हे त्यांनी दाखवून दिले. खरा अडसर असतो तो त्या त्या रेल्वेने डब्याच्या आकाराची जी कमाल चौकट ठरवलेली असते तिचा. पूल, बोगदे, फलाटांची छपरे सगळे त्या चौकटीवर बेतलेले असते आणि एका डब्यासाठी ते बदलता येत नाही. घाटातील जुन्या बोगद्यांचा विचार केला, तर आपल्याकडे छतावर माळा चढवणे किती कठीण आहे ते लक्षात येईल.

कर्जत_लोकल

गिरिवाट, इतिहास उत्तम मांडला आहे, पण तुमच्या मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. पुढचे दृश्य हेच डब्याचे सार, असे म्हटले तर आपल्या व्हिस्टाडोमला कमी लेखल्यासारखे होते.

बोरघाटाची गोष्ट निराळी आहे. कर्जत सोडल्यावर १ : ३७ चा चढ सुरू होतो. तुमच्या डेन्व्हरच्या पश्चिमेचा चढ १ : ५० आहे, म्हणजे आपला घाट त्याहून अधिक उभा. ठाकूरवाडी, मंकी हिल, नागनाथ या टप्प्यांत बोगद्यामागून बोगदे येतात, आणि दोन बोगद्यांच्या मध्ये जे काही क्षण मिळतात, त्यांत एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला थेट डोक्यावर आलेला कडा असतो. पावसाळ्यात त्या कड्यावरून उतरणारे पाणी साध्या खिडकीतून दिसतच नाही, कारण ते वरून येते. तिथे छताची काचच उपयोगाची आहे. पुढे पाहून काय मिळणार? पुढे बोगद्याचे तोंड असते!

शिवाय आपल्या डब्यांतील आसने १८० अंशांत फिरतात, म्हणजे ज्या बाजूला दरी त्या बाजूला तोंड करून बसता येते. जून २०२१ मध्ये डेक्कन एक्स्प्रेसला आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला डेक्कन क्वीनला हा डबा जोडला गेला, त्याआधी सप्टेंबर २०१७ पासून दादर-मडगाव जनशताब्दीला होताच. कोकण रेल्वेवरचा डबा पाहिलेल्या माणसाला काच ही दुय्यम गोष्ट आहे असे सांगून पटणार नाही.

मेपलपान

कॅनडातून लिहीत आहे. जिवंत डोम कार पाहायच्या असतील तर इकडे यावे, असे मी सर्वांना आग्रहाने सांगेन. कॅनेडियन पॅसिफिकने २४ एप्रिल १९५५ रोजी ‘द कॅनेडियन’ ही गाडी सुरू केली, तेव्हा फिलाडेल्फियाच्या बड कंपनीकडून स्टेनलेस स्टीलचे १७३ डबे घेतले होते. त्यांत १८ ‘स्कायलाइन’ घुमटाचे आणि १८ ‘पार्क’ मालिकेचे होते. पार्क डबा नेहमी गाडीच्या शेवटी असतो. त्याची मागची बाजू गोलाकार आहे, मध्ये घुमट आहे आणि घुमटाखालच्या बैठकीत मूळ सजावटीत त्या त्या उद्यानाची भित्तिचित्रे होती, ज्यांपैकी काही ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ या नामवंत कॅनेडियन चित्रकारांच्या गटातील कलावंतांनी काढली होती. प्रत्येक डब्याला एकेका उद्यानाचे नाव आहे.

१९९० पासून ही गाडी बॅन्फच्या मूळ मार्गाऐवजी एडमंटन आणि जॅस्परच्या मार्गाने टोरंटो-व्हँकुव्हर धावते. जुना मार्ग गेला याची हळहळ इकडच्या रेल्वेप्रेमींना अजूनही आहे, कारण किकिंग हॉर्स खिंडीतील सर्पिल बोगदे त्या वाटेवर होते. तरीही १९५५ चे डबे आजही नियमित वापरात आहेत. साध्या पोलादाचे डबे असते तर गंजून कधीच भंगारात गेले असते, त्यामुळे याचे निम्मे श्रेय बड कंपनीच्या स्टेनलेस स्टील जोडण्याच्या तंत्राला द्यावे लागेल.

कर्जत_लोकल यांच्या मुद्द्याबद्दल एक निरीक्षण नोंदवते. पार्क डब्याच्या घुमटात बसून मी नेहमी पाहिले आहे की लोक आधी वर पाहतात, मग बाजूला पाहतात, आणि थोड्या वेळाने सगळ्यांची नजर पुढे स्थिरावते. पार्क डबा शेवटचा असल्याने संपूर्ण गाडी समोर असते. नदीकाठच्या लांब वळणावर आपलीच गाडी पुढे वळताना दिसली की अनोळखी माणसेही एकमेकांना बोट दाखवून सांगू लागतात. बाजूच्या खिडक्यांच्या डब्यात जो तो आपापल्या खिडकीत असतो. घुमटात सगळ्यांची दिशा एक असते, म्हणून बोलणे सुरू होते. गप्पा जमण्याचे ते कारण मला तरी बांधणीतच दिसते.

गिरिवाट

मेपलपान ताई, शेवटचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो पूर्णपणे पटला.

कर्जत_लोकल, बोरघाटात छताच्या काचेचे मोल तुम्ही म्हणता तसे आहेच आणि व्हिस्टाडोमला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. उभ्या कड्याच्या पायथ्याशी वरची काच हवी, हे तर ग्लेनवुड कॅन्यनमध्ये ऑस्बॉर्न यांनाही जाणवलेच होते. माझा आग्रह एवढाच आहे की या दोन वेगळ्या रचना आहेत आणि त्यांतून मिळणारा अनुभवही वेगळा आहे. आपल्या डब्यात एका टोकाला मोठ्या काचेचा जो कक्ष आहे, तो मागे किंवा पुढे पाहण्याची हीच भूक ओळखून दिलेला आहे. परंतु तो डबा गाडीच्या टोकाला असेल तरच उपयोगाचा. मुंबईहून येताना तो शेवटी जोडलेला असला, तर कर्जतला मागून बँकर (चढावर गाडी ढकलणारी जादा इंजिने) लागतात आणि नेमक्या घाटात त्या काचेपुढे इंजिनाचे तोंड येते. छतावरच्या घुमटाला ही अडचण येत नाही, कारण नजर इंजिनाच्या वरून जाते.

काच वाढवली म्हणजे अनुभव वाढतोच असे नाही, याचा दाखला अमेरिकेतच आहे. मिलवॉकी रोड या रेल्वेने १९५२ मध्ये पूर्ण लांबीचा ‘सुपर डोम’ आणला. वर ६८ आसने, म्हणजे आखूड घुमटाच्या जवळजवळ तिप्पट. डबा इतका जड झाला की त्याला सहा चाकांच्या बोग्या (डब्याखालचे चाकांचे सांगाडे) लावाव्या लागल्या, आणि एवढ्या काचेखालची जागा थंड ठेवणे हे वातानुकूलनाला जड गेले. शिवाय मधल्या रांगांत बसलेल्यांना पुढचे फारसे दिसत नसे, कारण समोर इतरांची डोकी आणि लांबलचक छत. काच भरपूर होती, पण ज्यासाठी वर चढायचे ते दृश्य मोजक्याच लोकांना मिळत होते. सांताफे आणि ग्रेट नॉर्दर्न या रेल्वेंनीही पूर्ण लांबीचे घुमट घेतले आणि ते अधिक यशस्वी ठरले, तरी रेल्वेप्रेमींचे मन आखूड घुमटावरच राहिले.

याउलट युनियन पॅसिफिकने १९५५ मध्ये घुमटात भोजनाची टेबले मांडली, ती कल्पना मला फार मोहक वाटते. स्वयंपाकघर खाली, टेबले वर, आणि ताटे वर पोहोचवण्यासाठी छोटा उद्वाहक. सिटी ऑफ लॉस एंजेलिस आणि सिटी ऑफ पोर्टलंड या गाड्यांतील प्रवासी डोंगरांकडे पाहत जेवत असत. धंद्याच्या दृष्टीने तो फार खर्चिक प्रकार होता. टेबलांवर मोजकीच माणसे मावत आणि वाढप्यांना सतत जिने चढावे लागत. तरीही एखाद्या रेल्वेने प्रवाशासाठी एवढा विचार केला होता, हे वाचून आजही बरे वाटते.

खिडकीजवळ

सुंदर धागा! दिवाळीनंतर मुलीकडे डेन्व्हरला जाणार आहोत. एका दिवसात हा ग्लेनवुड कॅन्यनचा मार्ग पाहता येईल का? आणि आता तिथे घुमटाचा डबा आहे का? आम्ही दोघेही साठीच्या पुढचे आहोत, त्यामुळे जिने कितपत चढावे लागतील तेही सांगावे.

शिकागोवासी

खिडकीजवळ, अवश्य जा. १९८३ पासून अॅमट्रॅक या अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीची कॅलिफोर्निया झेफिर त्याच मार्गाने धावते. शिकागोहून आलेली गाडी सकाळी डेन्व्हर सोडते आणि दुपारी ग्लेनवुड स्प्रिंग्जला पोहोचते. परतीची गाडी त्याच दिवशी पकडण्याचा प्रयत्न करू नये. एक मुक्काम ठेवावा, कारण या गाडीला उशीर होणे नित्याचे आहे.

जुने घुमटाचे डबे या गाडीला आता नसतात. अॅमट्रॅकने आपला शेवटचा घुमटाचा डबा ‘ओशन व्ह्यू’ २०१९ मध्ये सेवेतून काढला. हल्लीची गाडी दुमजली आहे आणि तिच्यात ‘साइटसीअर लाउंज’ नावाचा डबा असतो, ज्याच्या वरच्या मजल्यावरील काचा छतापर्यंत वळत जातात. तिथून पुढचे रूळ दिसत नाहीत, कारण पुढचे डबेही तेवढेच उंच असतात. या बाबतीत गिरिवाट यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पण जुनी रीत तिथे टिकून आहे : त्या डब्यातील जागा आरक्षित नसतात आणि कोणत्याही तिकिटाचा प्रवासी तिथे बसू शकतो. जिना एकच, पण अरुंद आणि वळणाचा आहे. बैठ्या डब्यात तुमची जागा वरच्या मजल्यावर असेल तर लाउंजपर्यंत वरूनच जाता येते, पुन्हा चढउतार करावी लागत नाही. गाडी हलत असताना कठडा धरून चालावे.

डेन्व्हर सोडल्यावर गाडी लगेच चढायला लागते, एकामागून एक लहान बोगदे येतात आणि मग १९२८ मध्ये खुला झालेला, सुमारे १० किलोमीटर लांबीचा मॉफट बोगदा लागतो. त्यातून जाताना डब्यांमधली दारे उघडू देत नाहीत, म्हणून लाउंजमध्ये आधीच जाऊन बसलेले बरे. ग्लेनवुड कॅन्यनमध्ये रेल्वे नदीच्या दक्षिण काठाने आणि महामार्ग उत्तर काठाने जातो, त्यामुळे पश्चिमेकडे जाताना नदी उजव्या हाताला राहते. त्या टप्प्यासाठी उजवी बाजू धरावी.

मुक्काम वाढवणार असाल तर डेन्व्हरजवळच्या गोल्डन गावातील कोलोरॅडो रेल्वे संग्रहालयही पाहावे. डोम कारच्या कल्पनेचे स्मारक १९५० मध्ये ग्लेनवुड कॅन्यनमध्ये उभारले होते. महामार्गाच्या कामामुळे ते तिथून हलवून या संग्रहालयात आणले आहे. ट्रेन ऑफ टुमॉरोच्या चार डब्यांपैकी भंगारातून वाचलेला ‘मून ग्लो’ हा एकच डबा युटामधील ऑग्डेन येथे आहे, पण तो तुमच्या वाटेपासून बराच लांब पडेल.